तीन थेंब तेल

डिझाइनच्या खोलीत टेबल एक, कॉम्प्युटर एक आणि खुर्चीही एकच. सकाळी सात ते दीड तिथे बाई बसायच्या, दुपारी दोन ते आठ वहिनी. मधला अर्धा तास चहाचा आणि कामं एकमेकींच्या हवाली करण्याचा. खाली तळमजल्यावर भरतकामाच्या तीन मोठ्या मशिनी दिवसभर खडखडत असायच्या, प्रत्येकीवर एका वेळी बारा कापडं. त्यांची सुई कुठे टोचणार हे मात्र वर ठरायचं, या एका टेबलावर. चित्र पडद्यावर घ्यायचं, त्याच्या कडेकडेनं एकेक ठिपका देत जायचं, टाका कुठून कुठे जाणार, दाट की विरळ, आडवा की तिरपा, सगळं मशिनीला सांगायचं. या कामाला पंचिंग म्हणतात. पंचिंग करणाऱ्याचा हात केसभर चुकला, तर खाली बारा कापडांवर तोच केस बारा वेळा शिवला जातो.

बाईंना सगळे बाई म्हणायचे, कारण कारखान्यातल्या निम्म्या लोकांना हे काम त्यांनीच शिकवलं होतं. वहिनींना वहिनी म्हणायचे ते त्यांचा धाकटा दीर खाली मशिनीवर होता म्हणून. दीर दोन वर्षांत नोकरी सोडून गेला, नातं मात्र कारखान्याला देऊन गेला. मालकांपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांच्या त्या वहिनी. या टेबलावर येण्याआधी बावीस वर्षं त्यांनी शिलाई मशीन चालवली होती, आणि वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी बाईंनी त्यांना या टेबलावर बसवून कॉम्प्युटर शिकवला होता. हे उपकार वहिनी विसरल्या नव्हत्या. उपकार विसरत नाही म्हणून माणूस नीट वागतोच असं थोडंच आहे?

एका सोमवारी बाई घरून खोकं घेऊन आल्या. त्यातून निघाला माऊस, पण भलताच. अंगानं पसरट, तळहात आरामात टेकेल असा, आणि मधोमध मोठ्या लिंबाएवढा लाल गोळा. हा माऊस टेबलावर फिरवायचा नसतो, तो बसल्या जागी बसून राहतो. बोटांनी गोळा फिरवायचा, की पडद्यावरचा बाण फिरतो. मनगट हलत नाही, कोपर हलत नाही, खांदा तर नाहीच नाही. बाईंच्या मनगटात वर्षभर कळा येत होत्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, काम तरी सोडा नाहीतर मनगट हलवणं तरी सोडा. काम सोडणं बाईंच्या स्वभावात नव्हतं, म्हणून त्यांनी हा गोळ्याचा माऊस, ट्रॅकबॉल, आणला होता, स्वतःच्या पैशांनी.

आता वहिनींची जीभ. ती जरा सैल आहे, हे त्या स्वतःही कबूल करायच्या, आणि कबूल केलं की पुन्हा सैल सोडायला मोकळ्या. त्या दिवशी दीडच्या चहाला खालचे मशीनवाले वर आलेले, सुपरवायझर आलेला. वहिनींनी त्या लाल गोळ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चला, बाईंनी या वयात गोट्या खेळायला घेतल्या." खोली खो खो हसली. बाईही हसल्या. पण हसण्याचेही प्रकार असतात. संध्याकाळपर्यंत खाली "गोटीबाई" हे नाव पडलं, आणि दुसऱ्या दिवसापासून बाई चहाच्या वेळी ट्रॅकबॉलवर रुमाल टाकायला लागल्या. जाताना तो त्याच रुमालात गुंडाळून डाव्या खणात ठेवायच्या आणि जुना माऊस वहिनींसाठी पुढे सरकवायच्या.

वहिनींनी रुमाल पाहिला होता. आपल्यामुळे आहे हेही कळलं होतं. "एवढं काय मनाला लावून घ्यायचं," असं म्हणून त्यांनी ते मनाआड केलं.

मग टोप्यांचं काम आलं. चारशे टोप्या, प्रत्येक टोपीवर पंख पसरलेला पक्षी, आणि पंखात पिसं इतकी की मोजता मोजता वेड लागावं. तिसऱ्या दिवशी वहिनींच्या कोपरापासून बोटांपर्यंत आग उतरायला लागली. चौथ्या दिवशी घरी भांडं उचलताना हातातून सुटलं. पाचव्या दिवशी, बाई गेल्यावर, त्यांनी दार ओढून घेतलं आणि डावा खण उघडला.

पहिली दहा मिनिटं बाण वेड्यासारखा धावला. मग एकदम जमलं. तळहात टेकलेला, बोटं नुसती गोळ्यावरून फिरताहेत, आणि बाण पंखाच्या कडेनं असा चाललाय जसा कुणी हात धरून नेतोय. संध्याकाळी आठ वाजता वहिनींच्या लक्षात आलं की हात दुखत नाहीये. इतके दिवस दुखणारी गोष्ट थांबली की तिथे केवढी जागा मोकळी होते, हे ज्याचं दुखलंय त्यालाच माहीत.

त्यांनी ट्रॅकबॉल पुसला, रुमालाची घडी होती तशी घातली, खण लावला. आणि दुसऱ्या दिवशी दोन वाजून पाच मिनिटांनी पुन्हा उघडला.

विचारता आलं असतं. बाई नाही म्हणाल्या नसत्या. पण ज्या तोंडानं गोट्या म्हटलं, त्याच तोंडानं "जरा मलाही द्या हो" कसं म्हणायचं? मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं वहिनींचं दीड महिना चाललं. हात सुधारला, काम सुधारलं. चहाच्या वेळी मात्र त्या गोटीबाईंच्या विनोदात पहिल्यासारख्याच सामील व्हायच्या, उलट थोड्या जास्तच. गप्प राहिलं तर संशय येईल, अशी त्यांना भीती होती.

दीड महिन्यानं गोळा जड फिरायला लागला. बाई दर शनिवारी तो काढून नुसता वरून कोरड्या फडक्यानं पुसायच्या, खालच्या खोबणीत डोकवायच्या नाहीत, आणि तेही सकाळचं काम, वहिनींनी कधी पाहिलेलं नव्हतं. वहिनींना माहीत होती शिलाई मशीन. बावीस वर्षांत त्यांना एकच औषध ठाऊक होतं: जड चालतंय, तेल घाल. खाली तेलाच्या कुपीला काय तोटा? त्यांनी पेन्सिलीनं खालून ढकलून गोळा बाहेर काढला. खोबणीत मोहरीएवढे तीन पांढरे दाणे होते, ज्यांच्यावर तो गोळा फिरत असे. वहिनींनी प्रत्येक दाण्यावर एकेक थेंब तेल सोडलं. गोळ्यालाही बोट फिरवलं. परत बसवला, आणि काय सांगावं, लोण्यासारखा फिरायला लागला. त्या संध्याकाळी वहिनी स्वतःवर खूश होत्या. बाईंच्या वस्तूची आपण निगा राखतोय, असंसुद्धा त्यांना वाटून गेलं.

ती खुशी तीन दिवस टिकली. चौथ्या संध्याकाळी बाण मधेच अडखळायला लागला. मोठा फिरवला तर ठीक, पण बारीक काम करताना अर्ध्या वाटेत थांबायचा आणि मग टुणकन पुढे उडी मारायचा. वहिनींनी कपाळाला आठी घातली, जिनसेत काही दम नाही असं ठरवलं, ट्रॅकबॉल रुमालात गुंडाळून ठेवून दिला आणि जुना माऊस पुढे ओढला. हात आता बराच बरा होता. विषय संपला.

विषय त्यांच्यापुरता संपला होता. सकाळी सात वाजता बाई त्याच ट्रॅकबॉलवर बसत होत्या.

गुरुवारी दीड वाजता वहिनी वर आल्या तेव्हा खोलीत चहा नव्हता, हसणंही नव्हतं. टेबलावर चोवीस जॅकेटं पडली होती, एका बँडपथकाची, गडद निळी. प्रत्येकाच्या पाठीवर सोनेरी तुतारी, आणि प्रत्येक तुतारीच्या तोंडातून एक लांब तिरपा टाका थेट बाहीपर्यंत गेलेला. एक ठिपका उडाला होता, भलत्या जागी पडला होता, आणि बाईंच्या नजरेतून निसटला होता. बावीस-तेवीस वर्षांच्या नोकरीत बाईंचं असं काम कुणी पाहिलं नव्हतं.

सुपरवायझर रागावला नव्हता. रागावला असता तर बरं, तो चक्क हळू बोलत होता. "बाई, हे यंत्र तर बिघडलं नाही ना?" म्हणून त्यानं ट्रॅकबॉल पुढे घेतला आणि गोळ्यावरून तळवा फिरवला. बाण या टोकाहून त्या टोकाला सरसर धावला. त्यानं दोन-तीनदा फिरवून पाहिलं. "चालतंय की हे," तो म्हणाला, आणि मग त्याला आपणच बोललो त्याचा अर्थ कळला असावा, कारण तो जॅकेटं गोळा करायला लागला.

बाई आपल्या उजव्या हाताकडे बघत होत्या. पंजा उघडत होत्या, मिटत होत्या.

"दोन महिने छान चाललं होतं गं," त्या वहिनींना म्हणाल्या, जणू खोलीत दुसरं कुणी नव्हतंच. "आता हातच ऐकत नाही. मी इकडे नेते, तो तिकडे जातो. डॉक्टर म्हणाले होते, बोटांचं भान जायला लागलं की समजा, नस गेली. तेच असणार हे."

वहिनींना त्या क्षणी कळलं. शिवणाऱ्या बाईला हे कळायला वेळ लागतच नाही: मशिनीत तेल जास्त झालं की त्यावर धाग्याचा भुगा बसतो, आणि या इमारतीत तर हवेपेक्षा भुगाच जास्त. त्या तीन दाण्यांवर आतापर्यंत चिकट लगदा झाला असणार. हात ठणठणीत आहे, तेल माझं आहे, एवढी दोन वाक्यं म्हटली असती तर तिथल्या तिथे सगळं मिटलं असतं. सुपरवायझर समोर होता, मशीनवाले जिन्यात उभे होते, ज्यांना वहिनींनी दोन महिने गोटीबाईंवर हसवलं होतं.

"विश्रांती घ्या बाई दोन दिवस," वहिनी म्हणाल्या. "होईल ठीक."

आणि स्वतःच्या आवाजातला तो कळवळा ऐकून त्यांना स्वतःचीच किळस आली.

दोन वाजता खोली रिकामी झाल्यावर त्यांनी पर्समधून कापूस काढला, खालून स्पिरिटची बाटली आणली. गुपचूप स्वच्छ करून टाकू, उद्या बाईंचा हात आपोआप बरा होईल, कुणाला काही सांगायला नको. त्यांनी डावा खण उघडला. खण रिकामा होता. रुमालासकट ट्रॅकबॉल बाई घरी घेऊन गेल्या होत्या.

का नेला ते दुसऱ्या दिवशी कळलं. बाईंच्या पुतण्याचा घरी कॉम्प्युटर होता, त्यावर त्या रोज संध्याकाळी सराव करणार होत्या. हात थोडा तरी वळतोय का ते बघणार होत्या. कारखान्यात त्यांनी जुना माऊसच घेतला, मनगटाला पट्टा बांधून, आणि दर पंधरा मिनिटांनी हात मांडीवर घेऊन बसायच्या. चहाला वहिनी विचारायच्या, "काल जमलं का?" बाई मान हलवायच्या. "नाही गं. कालच्यापेक्षा वाईट." लगदा आणखी घट्ट होत असणार. वहिनींना तो डोळ्यांसमोर दिसायचा, आणि त्या चहात बिस्कीट बुडवायच्या.

सोमवारी बाईंनी मालकांना सांगितलं, पुढच्या शनिवारपर्यंत येईन, मग पुरे. मालकांनी समजावलं, रजा देऊ केली. बाई म्हणाल्या, "हात परत येत नसतो." त्याच दिवशी सुपरवायझर वहिनींकडे आला आणि सकाळची पाळी घ्याल का म्हणून विचारलं. सकाळची पाळी वहिनी तीन वर्षं मागत होत्या. मुलगी दहावीला होती, संध्याकाळी घरात एकटी असायची, ताटावर पुस्तक उघडून जेवायची. घरी हे सांगितलं तेव्हा ती पोर गळ्यातच पडली. नवऱ्यानं म्हटलं, "बाईंचं वाईट झालं, पण तुझं तरी चांगलं झालं." हे वाक्य वहिनींना रात्रभर पुरलं.

त्या दिवसांत त्यांनी स्वतःशी किती वाद घातले असतील! उद्या सांगते. उद्या खोलीत कुणी नसेल तेव्हा सांगते. एकदा खोलीत खरंच कुणी नव्हतं, तेव्हा बाईंनी आपली जाड वही काढली. वीस वर्षांत लिहिलेली: कुठल्या कापडावर टाका किती दाट, टोपीच्या शिवणीवर काय करायचं, मखमल कशी धरायची. पान पान उलटून त्या वहिनींना समजावत होत्या, आपल्यामागं काम अडू नये म्हणून, आणि वहिनी "हं, हं" करत होत्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. वहिनींच्या मनात चांदणंही नव्हतं, नुसता अंधार होता, आणि त्यात बाईंचा समजावणारा आवाज. त्या दिवशीही राहून गेलं. जितके दिवस जात होते तितकं सांगणं अवघड होत होतं, कारण आता नुसतं तेल सांगून भागणार नव्हतं, दिवसही सांगावे लागणार होते.

शेवटच्या शनिवारी बाईंना सगळ्यांनी मिळून एक घड्याळ दिलं. मशीनवाल्यांनी मशिनी पाच मिनिटं बंद ठेवल्या, जे मालकांच्या वाढदिवसालाही होत नाही. सगळे खाली गेल्यावर बाईंनी पिशवीतून रुमालाचं गाठोडं काढलं आणि वहिनींच्या हातात ठेवलं.

"तुझंही कोपर दुखतं, मी बघते ना चोळताना," त्या म्हणाल्या. "माझ्या हाताला आता याचा उपयोग नाही. तू वापर. आत्तापासून सांभाळलास तर तुझा हात माझ्यासारखा जायचा नाही."

वहिनींनी गाठोडं घेतलं. थँक्यू म्हणाल्या. हो, थँक्यूसुद्धा म्हणाल्या.

घरी त्यांनी तो कुणाला दाखवला नाही. न्हाणीघराचं दार लावून पेन्सिलीनं गोळा बाहेर काढला. तिन्ही दाण्यांवर काळपट निळा लगदा बसला होता, जॅकेटांच्या कापडाचा रंग त्यात दिसत होता. कापूस, स्पिरिट, दातकोरणी. दहा मिनिटांचं काम. दहा मिनिटांत बाईंचा हात बरा झाला. वहिनी ओल्या फरशीवर तशाच बसल्या आणि तोंडावर पदर दाबून रडल्या, आणि रडतानाही त्यांना कळत होतं की हे रडणं बाईंसाठी नाही, स्वतःसाठी आहे. आपण कोण आहोत ते दिसल्यावर माणूस रडतो, तसलं ते होतं.

रविवारी सकाळी त्या बाईंच्या घरी गेल्या. दार बाईंनीच उघडलं. उजव्या मनगटाला पट्टा, आणि पट्ट्याच्या वर सूज. इतक्या दिवसांचा जुना माऊस त्या सुजेत होता. बैठकीत टेबलावर दुरेघी वही उघडी पडलेली. वहिनींनी नको नको म्हणत पाहिली: पानभर वाकडीतिकडी अक्षरं, पहिलीतल्या पोराची असावीत तशी.

"डाव्या हातानं लिहायला शिकतेय," बाई ओशाळून हसल्या आणि वही मिटली. "सहीपुरतं तरी यायला हवं ना. बस. चहा टाकते."

"चहा नको. बाई, तुमच्या हाताला काही झालेलं नाही."

मग वहिनींनी सांगितलं. खण उघडल्याचं, दीड महिना चोरून वापरल्याचं, तेलाचं, भुग्याचं. मान वर न करता सांगितलं. पिशवीतून ट्रॅकबॉल काढला, पुतण्याच्या कॉम्प्युटरला लावला आणि बाजूला झाल्या. बाई खुर्चीत बसल्या. पट्ट्यातला हात त्यांनी गोळ्यावर ठेवला. पडद्यावर एक गोल काढला. मग त्याच्या आत दुसरा, आणखी बारीक. मग तिसरा, दाण्याएवढा. बाण कुठेही अडला नाही.

बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी तो हात छातीशी घेतला, डाव्या हातानं धरला, आणि त्यांचे डोळे भरून आले. "ऐकतोय गं," त्या म्हणाल्या. "माझं ऐकतोय." आतल्या खोलीत त्यांची जाऊ होती, तिला हाक मारून त्यांनी पुन्हा गोल काढून दाखवला. त्या घरात त्या वेळी इतका आनंद झाला की वहिनींना कुठे उभं राहावं कळेना. त्या शिव्या खायला आल्या होत्या.

"आणि तू वापरतेस ते मला ठाऊक होतं," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "तुझी संध्याकाळची कामं मी सकाळी बघत नाही का? पक्ष्याची पिसं एकदम सुधारली. जुन्या माऊसनं तशी रेघ निघत नाही. म्हटलं, दुखत असेल पोरीला, वापरू दे. विचारलं असतं तर तुला लाज वाटली असती."

म्हणजे ज्या गोष्टीच्या भीतीनं वहिनी गप्प बसल्या, ती गोष्ट कधी लपलेलीच नव्हती.

"पण हे तेलाचं तुला कळलं कधी?" बाईंनी सहज विचारलं.

"काल," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही दिल्यावर उघडून पाहिला तेव्हा."

इतकं सगळं खरं सांगून झाल्यावर हे एवढंसं खोटं तोंडातून कसं निघालं, ते त्यांनाही कळलं नाही. ते आधीपासून तिथे तयारच बसलं होतं.

"काल कळलं आणि आज धावत आलीस," बाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तो उजवा हात. "दुसरी असती तर गप्प राहिली असती. सकाळची पाळीपण जाते यात तुझी, मला का कळत नाही? तुझ्या मुलीला सांग, बाईंनी दृष्ट काढायला सांगितली आहे तिच्या आईची."

वहिनींनी मान डोलावली. दारापर्यंत गेल्या, एका पायात चप्पल घातली. दुसरी चप्पल पायाला सापडेना. पाठीवर जिथे बाईंनी हात ठेवला होता, तिथे जणू तो अजून होता.

"काल नाही," त्या दाराकडे बघत म्हणाल्या. "जॅकेटांच्या दिवशीच कळलं होतं. तुम्ही हात बघत होता तेव्हाच. सतरा दिवस झाले."

मागून बाईंचा आवाज आला, अगदी साधा. "रोज चहाला तू विचारायचीस. काल जमलं का म्हणून."

"हो."

"मी तुला सांगायचे."

"हो."

वहिनी वळल्या तेव्हा बाई मनगटावरचा पट्टा पुन्हा आवळत होत्या, डाव्या हातानं आणि दातांनी, आणि मदतीला पुढे जाण्याची वहिनींची हिंमत झाली नाही. "येते," त्या म्हणाल्या. घरातून निघताना "येते" म्हटलं की "ये" हे उत्तर न विचारता येतं, वीजबिल देऊन जाणाऱ्यालासुद्धा येतं. बाईंनी ते दिलं नाही. दार आपटलंही नाही. नुसतं लावलं, आणि आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

वहिनी चौकापर्यंत पोचल्या असतील नसतील, फोन वाजला. सुपरवायझर होता, आणि त्याचा आवाज आनंदानं फुटत होता.

"वहिनी, बाईंचा आत्ता फोन आला. उद्यापासून परत येतायत. म्हणाल्या, हाताला काही नाही, बिघाड त्या बॉलमध्येच होता, वहिनींनी शोधून काढला. शाबास हो. माझ्या नाही लक्षात आलं."

वहिनी फुटपाथवर थांबल्या. "अजून काय म्हणाल्या?"

"अजून काही नाही. एवढंच."

म्हणजे बाईंनी कडी लावली होती आणि मग आत जाऊन हे केलं होतं. "ये" म्हणवलं नव्हतं, तरी झाकून घेतलं होतं. आता उद्या चहाला सगळे टाळ्या देणार, वहिनींनी शोधलं म्हणणार, आणि बाई कपाकडे बघत बसणार. नुसतं हो म्हणायचं होतं. गप्प राहायचं होतं, ज्यात आता सतरा दिवसांचा सराव होता. शेजारून मोठी गाडी गेली, सिग्नलला उभी असलेली माणसं हॉर्न वाजवत होती.

"तेल मीच घातलं होतं," वहिनी म्हणाल्या. "बाईंना न विचारता वापरत होते. आणि सतरा दिवस मला माहीत होतं."

"काय? आवाज येत नाहीये, वहिनी. काय म्हणालात?"

बसच्या रांगेतली चार माणसं त्यांच्याकडे बघत होती. वहिनींनी फोन तोंडाजवळ धरला आणि तेच सगळं पुन्हा, पहिल्यापासून, मोठ्यानं सांगितलं.